मुक्याचा खांदा

साहेबराव आणि त्याच्या बरोबरचे तिघं आजही भिमाला बघायला आले, तेव्हा चंद्राबाईनं पुन्हा चहा ठेवला. तिचं अर्धं लक्ष चुलीकडे होतं, अर्धं वाटेकडे. सगळी वाडी येऊन गेली होती. धनाजी तेवढा फिरकला नव्हता.

भिमा तिचा एकुलता लेक, जन्मापासून मुका-बहिरा. हिर्डोशीच्या वर डोंगरात त्यांची वाडी. जत्रेत घरटी एका पुरुषानं पालखीला खांदा द्यायचा, ही तिथली रीत. बाप गेला म्हणून यंदा भिमा पुढे झाला. लोकांनी त्याला हुसकून पाहिलं. ज्याच्या तोंडून ‘चांगभलं’ निघत नाही, त्याचा खांदा देवाला चालत नाही म्हणे. भिमा हटला नाही. त्याच संध्याकाळी तो ओढ्यात सापडला, खांद्याचं हाड मोडलेला.

बाहेरगावचे दारुडे असतील, असं जो तो म्हणत होता. चंद्राबाईला काही ते पटेना. खिशातला मोबाईल जागच्या जागी होता आणि मार सगळा खांद्यावर होता. हे वाडीतल्याच कुणाचं तरी काम. तिनं खुणा करकरून विचारलं, पण भिमा सांगेना. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचा. दुखत असेल लेकराला, असं म्हणत ती माऊली आल्यागेल्याची माफी मागायची.

साहेबराव आणि ते तिघं तर रोज यायचे. भिमानं काही सांगितलं का, एवढंच विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. केवढी ही माया, असं वाटून तिला भरून यायचं. धनाजीशी मात्र बांधावरून तिचं जुनं भांडण होतं. तो आला नाही, त्यातच ती काय ते समजली होती. आज त्याला जाब विचारायचाच, नाहीतर उद्या पोर जिवानिशी जाईल, असं तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात धनाजीच दारात येऊन उभा राहिला. चंद्राबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आत्ता आलास व्हय? येवढे दिस तोंड लपवून कुठं बसला हुतास?”

“भोरला खेपा घालत हुतो, काकू. म्या बगितलंय समदं. आज पोलिसांनी नावं लिवून घेतली.”

“कुनाची?”

“हितं बसून च्या पित्यात, त्या चौघांची.”