वॅफलची जन्मतारीख

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुमच्या कुत्र्याचं नाव वॅफल आहे. त्याला फिट येतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी द्यावी लागते. शेवटची गोळी आज सकाळी दिली. शनिवारचे साडेतीन वाजलेत. औषधांचं दुकान पाचला बंद होतं, आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना थेट सोमवारी उघडणार आहे. म्हणजे तुम्ही आत्ता जूनीच्या जागी उभे आहात, औषधांच्या दुकानात, फार्मासिस्ट टिलमनबाईंच्या काउंटरपाशी.

जूनी आणि तिची आई कोरीन तीन आठवड्यांपूर्वी या गावात राहायला आल्या. बाबा ओमाहा शहरातच राहिले. वॅफलच्या औषधाची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठीही तिथल्याच एका मोठ्या दुकानात राहिली. ही गोळी माणसांचीच, म्हणून ती माणसांच्या दुकानात मिळते. चिठ्ठी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात आणायची, तर एका फार्मासिस्टला दुसऱ्या फार्मासिस्टशी स्वतः बोलावं लागतं. टिलमनबाई दोन वाजल्यापासून तेवढंच करायला बघत होत्या.

पहिल्यांदा यंत्राने वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि फोन कापला. दुसऱ्यांदा एका मुलीने उचलला. फार्मासिस्ट लस टोचताहेत आणि मला काही सांगायची परवानगी नाही, म्हणाली. तिसऱ्यांदा पुन्हा तेच गाणं. टिलमनबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"माझ्या लग्नातसुद्धा इतका वेळ बँड वाजला नव्हता," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच दोन गोळ्या द्या ना," जूनी म्हणाली. "सोमवारपर्यंतच्या."

"दोन नाही पुरायच्या, बाळा. आणि चिठ्ठीशिवाय मला एकही देता येत नाही."

गाणं थांबलं. "फार्मासिस्ट ग्रॅहम बोलतोय. पटकन सांगा, समोर चौदा माणसं उभी आहेत."

"एक चिठ्ठी इकडे हवी आहे. पेशंट वॅफल ब्रँट. कुत्रा आहे."

"जन्मतारीख?"

कुत्र्याची जन्मतारीख बहुतेक घरांत कुणाला माहीत नसते, आणि संगणक तर तारखेशिवाय पान उघडत नाही. म्हणून दुकानदार पहिल्याच वेळी विचारून घेतात, मालक कोण? मग मालकाची तारीख कुत्र्याच्या नावापुढे टाकतात. दोन्हीकडच्या फार्मासिस्टना हे ठाऊक होतं. टिलमनबाईंनी कोरीनकडे पाहिलं. कोरीनने आपली तारीख सांगितली.

पलीकडे बटणं वाजली. "नाही."

"नावावरून बघ ना रे."

"ब्रँट आडनावाची तीन पानं भरलीत इथे. तारीख जुळल्याशिवाय मी कुणाचंच काही उघडत नाही. तुम्ही तरी उघडाल का?"

टिलमनबाईंनीही उघडलं नसतं.

कोरीनने पर्सचा बंद हातात गुंडाळला, सोडला. "मग डेलची असणार," ती म्हणाली. "औषध तोच आणायचा." आणि तिने नवऱ्याची तारीख सांगितली.

जूनी जमिनीकडे बघत राहिली. तीन आठवड्यांत तिने बाबांचा एकही फोन घेतला नव्हता. वॅफलला घरी बाबांनी आणलं होतं. फोन घेतला की ते त्याला परत मागतील, असं तिला वाटत होतं. तारीख जुळावी, कारण संध्याकाळची गोळी हवी होती. आणि जुळू नये, असंही तिला वाटत होतं.

बटणं वाजली.

"नाही. ही पण नाही."

"नीट टाकलीस?"

"दोनदा टाकली. अहो, मग हा कुत्रा आहे तरी कुणाचा?"

"तेच ठरवायला दोन वकील बसलेत," कोरीन म्हणाली.

पलीकडे कुणीतरी काउंटरवर टकटक करत होतं. "मॅडम, मला आता फोन ठेवावा लागेल. तारीख सापडली की पुन्हा फोन करा."

"ठेवून तर बघ," टिलमनबाई म्हणाल्या. "गाडी काढून येईन आणि तुझ्या रांगेत पंधरावी उभी राहीन. एक मिनिट दे." त्यांनी पेन कानामागून काढलं आणि त्या काउंटरवरून खाली वाकल्या. "जूनी, तुझा वाढदिवस कधी असतो?"

जूनीने सांगितला. सालासकट.

बटणं वाजली.

"मिळालं," ग्रॅहम म्हणाला. "घ्या लिहून."

तो एकेक ओळ वाचत गेला. टिलमनबाई प्रत्येक ओळ लिहून त्याला परत वाचून दाखवत गेल्या, कारण या कामाची पद्धतच तशी आहे. गोळीचं नाव. दिवसातून दोनदा. या चिठ्ठीवर अजून तीन वेळा औषध देता येईल.

"मालक, जूनी ब्रँट," ग्रॅहमने वाचलं. "माहिती देणारा, डेल ब्रँट. दोन वर्षांपूर्वीची नोंद आहे."

"मालक, जूनी ब्रँट," टिलमनबाईंनी त्याच सुरात परत वाचलं. "माहिती देणारा, डेल ब्रँट. दोन वर्षांपूर्वी."

"बरोबर. इकडचं पान बंद करतो."

फोन बंद झाला. कोरीन खिडकीतून बाहेर बघत होती. टिलमनबाईंनी गोळ्या भरल्या, बाटलीवर लेबल चिकटवलं आणि बाटली कोरीनच्या नाही, जूनीच्या हातात दिली.

जूनीने ती जाकिटाच्या खिशात घातली आणि खिशाची चेन लावली. मग आईकडून तिचा फोन मागून घेतला, दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली, आणि बाबांचा नंबर लावला.