साहेबांचं नाव

सगळे फोटोसाठी गच्चीच्या मधोमध उन्हात उभे होते आणि म्हातारी पाण्याच्या टाकीच्या सावलीतून हलायला तयार नव्हती. अंगात मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. सावली सरकली की तीही खुर्ची वीतभर सरकवायची.

"वहिनी, दादाची पंच्याहत्तरी आहे. आजच्या दिवस तरी नखरे आवरा," नणंद म्हणाली. "सत्तरीत कातडी उजळून जायचंय कुठं?"

"कुठं नाही. इथंच बसायचंय, सावलीत."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले साहेब. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी घरीदारी त्यांना साहेबच म्हणत. बायको लेझरने हातावरचे म्हातारपणाचे डाग घालवून घेतेय, ही गंमत त्यांनी ऑफिसातल्या जुन्या मंडळींना जिना चढतानाच सांगून टाकली होती.

डाग तिने एकही घालवला नव्हता. ते सगळे जागच्या जागी होते. घालवलं होतं ते डाव्या हातावर गोंदलेलं साहेबांचं नाव. आठ महिने, सहा खेपा. शेवटची नऊ दिवसांपूर्वी. ठाऊक होतं ते फक्त सुनेला, कारण तीच घेऊन जायची. साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. ते नाव ते पाहुणे आले की बघायचे, आणि आठ महिन्यांत कुणी पाहुणे आले नव्हते.

"कातडी कोवळी आहे," डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं. "महिनाभर ऊन अजिबात नको. ऊन लागलं तर अक्षरं होती तिथंच काळं धरेल, आणि मग ते मशीनलाही दाद देणार नाही." इतक्या कळा सोसून घालवलेलं नाव एका फोटोपायी परत येऊ द्यायला म्हातारी काही वेडी नव्हती.

सून कानाशी वाकली. "आई, दोन तास झाले. सनस्क्रीन परत लावू?"

"लाव. जाड लाव."

सुनेने बाही वर करून क्रीम चोपडलं, बटण पुन्हा लावलं.

"साहेब, ते वहिनींच्या हातावरचं नाव दाखवा की," जुन्या मंडळींतला एक जण म्हणाला. "पूर्वी चहाला आलो की दाखवायचात."

"अरे हो!" साहेब खुलले. "लग्नाला आठवडा नव्हता झाला. हिने हट्टच धरला. म्हणाली, तुमचं नाव अंगावर पाहिजे."

म्हातारीने खुर्ची आणखी वीतभर सावलीत सरकवली. हट्ट कुणाचा होता आणि सुई टोचली जात असताना तिचं मनगट कुणी दाबून धरलं होतं, हे तिला बाजारातल्या त्या डुगडुगत्या बाकड्यासकट आठवत होतं.

"आणि आजींचं नाव तुमच्या हातावर?" फोटोवाल्याने विचारलं. साहेबांना प्रश्न विचारायचे नसतात, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"छे! ऑफिसात शोभतं का ते?"

साहेब टाकीपाशी आले. "चल, दाखव." त्यांनी तिचं डावं मनगट धरलं आणि तिला उन्हात ओढलं. बाहीचं बटण निघेना तसा हिसडा दिला. बटण तुटून घरंगळत गेलं.

मंडळी वाकली. साडेअकराच्या उन्हात तो हात क्रीमने चकाकत होता. गुलाबीसर, कोरा. साहेबांनी अंगठ्याने क्रीम पुसलं. खाली काही नव्हतं. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला, पुन्हा पुसला. क्रीम गेलेल्या जागी ऊन चरचरायला लागलं.

"अहो, सोडा. ऊन लागतंय."

"थांब गं. कुठं गेलं?"

सगळे आणखी जवळ सरकले. नणंदसुद्धा. शेवटी मंडळींतल्या सगळ्यांत जुन्या कारकुनाने चष्मा चढवला, हात निरखला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, दुसरा हात असेल."

साहेबांनी क्षणभर विचार केला.

"हां," ते म्हणाले. "दुसराच."

आणि त्यांनी हात सोडला. सुनेने बाही झटकन खाली ओढली, वरून आपली ओढणी गुंडाळली.

म्हातारीने साहेबांकडे पाहिलं. मग उजव्या बाहीचं बटण स्वतःच काढलं, बाही कोपराच्या वर सारली आणि तो हात त्यांच्यासमोर भर उन्हात धरला.

"बघा," ती म्हणाली. "सावकाश शोधा. घाई नाही."