चहाहून परतल्यावरची वेळ

“मीलन लांबलं की अंडी वाढतात, हा तुमचा निष्कर्ष माझ्या भुंग्यांत दिसत नाही. सर, माझं काय चुकतंय?” शाल्मली या जुन्या विद्यार्थिनीच्या या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही.

चुकलो मी होतो. लहान माद्यांच्या जोड्या सकाळी समोर बसून मोजायचो; मोठ्या माद्यांच्या दुपारी लावून चहाला जायचो आणि परतल्यावरची वेळ मीलन संपल्याची म्हणून लिहायचो. जोडी कधीच सुटलेली असायची. अंडी जास्त, ती माद्या मोठ्या म्हणून.

काल तिचा फोन आला. “माझे पीएचडीचे मार्गदर्शक म्हणतात, सर चुकणार नाहीत, चौथ्यांदा मोज.”

तिला द्यायच्या उत्तराच्या मसुद्यात ‘माझं चुकलं’च्या आधी मी ‘कदाचित’ घातलं, खोडलं, पुन्हा घातलं.

“अहो, तिच्या पीएचडीचं वाटोळं होईपर्यंत शब्दच निवडत बसणार का?” बायको वैतागली.

नव्या कागदावर लिहिलं, ‘तुझी मोजणी बरोबर, माझी चुकीची. हे मार्गदर्शकांना दाखव.’ आणि पोस्टात टाकून आलो.