मागची सीट

टपरीवाल्याने चहा गाळता गाळता विचारलं, "एकट्याच निघालात, ताई?" पुढच्या गावात पंक्चर काढणाऱ्यानेही हातातलं टायर सोडून तेच विचारलं. तिसऱ्याला मी रस्ता विचारला, तर तो म्हणाला, "मिस्टर मागून येतायत का?" मिस्टर! गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि यांना पंचाईत मिस्टरांची.

त्यानंतर मी हेल्मेट काढणंच बंद केलं. तरी घाटाखालच्या वळणावर, एका घरासमोर, एका म्हातारीने हात करून थांबवलंच. "एकटीच हाईस व्हय?"

माझं डोकं फिरलं. "हो, एकटीच! काय त्रास आहे तुम्हाला?"

"मला कसला तरास? मागं जागा हाय का, तेवढंच बघत हुते. घाटावर भैन मरणाला टेकलीया, आन् हे धाडंनात."

मी काही बोलायच्या आत लुगडं सावरत ती दोन्हीकडे पाय टाकून मागे बसलीसुद्धा. घरातून तिचा नवरा ओरडत धावला. "अगं ए, एकटी कुठं निघालीस?"

तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. "एकटी? डोळं फुटलं का तुमचं? दोघी हाय आमी!" मग माझ्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाली, "बघत काय बसलीस? हाण गाडी!"