पितळेचं की लाकडाचं

"चावी ती चावी. फिरवली की पाणी सुरू, फिरवली की बंद. तिच्यात निवडायचं ते काय?" शकुंतलाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "साडेदहा होऊन गेले. पोरीची अंघोळ राहिलीय."

"झालंच, आई," गार्गी म्हणाली.

झालं काहीच नव्हतं. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या त्या दुकानात त्यांचा मुलगा मकरंद पाऊण तास रेडिएटरचे व्हॉल्व्ह बघत होता. श्रिया कुरकुरायला लागली तशा शकुंतलाबाई नातीची बाबागाडी ढकलत लांब, बाथटबांच्या ओळीकडे गेल्या.

त्यांचं घर एकशे दहा वर्षांचं, लाकडी. खोल्या उबदार ठेवणारे बिडाचे रेडिएटर मकरंदने स्वतः घासून रंगवले होते. आता त्यांना शोभतील अशा जुन्या घडणीच्या चाव्या हव्या होत्या. दुकानदार ग्लेनने आधी आकडेवाल्या दाखवल्या, आपोआप कमीजास्त होणाऱ्या.

"प्लॅस्टिकची टोपी!" मकरंद गार्गीला मराठीत म्हणाला. "आजोबांना रबरी चपला घालून लग्नाला नेल्यासारखं दिसेल."

उरल्या दोन. एक नक्षीदार पितळी चाक, एक लाकडी मूठ. दुकानातल्या चालू रेडिएटरवर दोन्ही बाजूंना बसवलेल्या.

"केअरफुल मेट, शी'ज हॉट," असं ग्लेन म्हणेपर्यंत मकरंदने पितळेला हात लावलाच. "आई गं!" करून त्याने बोटं झटकली आणि कानाच्या पाळीला लावली.

ग्लेन हसला. म्हणाला, घरात बाळ आहे, मग लाकडीच घ्या. पितळ फार तापतं, आणि पोरं कधी रांगायला लागतात ते आपल्याला कळत नाही.

"पण दिसायला पितळच," मकरंद बोटांवर फुंकर घालत म्हणाला. "तू सांग ना."

गार्गी लांब बाथटबांच्या ओळीकडे बघत होती. सोमवारी तिची रजा संपत होती. सोमवारपासून घरात दिवसभर आई आणि पाच महिन्यांची श्रिया, दोघीच.

मंगळवारी तिला सासूच्या अंगठ्यावर टपोरा फोड दिसला होता. हे काय, असं विचारल्यावर त्याही अंगठ्याकडे बघत राहिल्या, त्यांनाही तो आत्ताच दिसावा तशा. मग म्हणाल्या, तवा लागला असेल. ते 'असेल' गार्गीच्या डोक्यातून चार दिवस जात नव्हतं. मकरंदला सांगितलं, तर तो "वय झालंय गं तिचं" म्हणाला आणि व्हॉल्व्हचा कॅटलॉग उघडून बसला. आज घरातून निघताना आईंच्या पायातली एक चप्पल दारातच राहिली. त्या चार पावलं तशाच चालत गेल्या. मकरंदने चप्पल उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. बोलला काही नाही. गार्गीही बोलली नाही. बोललं की ते खरं होणार होतं.

"अजून नाही ठरलं?" शकुंतलाबाई परत आल्या. बाबागाडीचा दांडा त्यांनी गार्गीच्या हातात दिला. "तुमचं ठरेपर्यंत पोर कॉलेजात जाईल. सरक, मला बघू दे."

आणि त्यांनी पितळी चाक मुठीत धरलं.

नीट धरलं, पूर्ण तळवा टेकवून. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. "हेच घे, मक्या. सुबक आहे. हातात कसं छान बसतं."

ग्लेनचं हसू आधी गेलं. त्याने मकरंदकडे पाहिलं. मकरंदने स्वतःच्या लाल बोटांकडे पाहिलं. चाक हळूहळू फिरत होतं.

गार्गीने सासूचं मनगट धरून हात ओढून काढला. तळवा लालबुंद झाला होता. चाकाची नक्षी त्यावर उमटली होती.

"अगं, काय झालं?" शकुंतलाबाईंनी विचारलं. मग त्यांनी तळवा पाहिला. मग तिघांचे चेहरे.

ग्लेन त्यांना धावतच दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथल्या सिंकचा नळ त्याने सोडला, वीस मिनिटं हात पाण्याखालून काढू नका म्हणाला आणि मलमपट्टीची पेटी शोधायला गेला. गार्गी सासूचा हात धारेखाली धरून उभी राहिली. तिची स्वतःची बोटं गारठून दुखायला लागली.

"माझीच चूक," मकरंद बाबागाडी हलवत भराभर बोलत होता. "तापलंय ते मी सांगायला हवं होतं. आपण लाकडीच घेऊ. सगळ्या खोल्यांना लाकडीच. म्हणजे प्रश्नच मिटला."

गार्गीने नळाची धार थोडी मोठी केली.

"गार लागतंय ना, आई?" गार्गीने विचारलं.

शकुंतलाबाई धारेकडे बघत राहिल्या. बाबागाडीत श्रिया पाय झाडत होती. अंघोळीची वेळ टळली की ती असंच करायची.

"मकरंद, गाडी थांबव जरा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की गार्गीला वाकून ऐकावं लागलं. "माझ्या हाताला काही कळत नाही रे. इथं आले तेव्हापासूनच. थंडीत पाण्याची वाफ तरी दिसायची, थंडी सरल्यापासून तीही दिसत नाही. पहिला तांब्या पोरीच्या अंगावर ओतते, आणि ती रडते का ते बघते."