पुसायचं राहिलं होतं

“वस्तू रुसली तर पुसायची, पोरी, माणूस रुसलं तर त्याला पुसायचं. एकाला फडकं लागतं, दुसऱ्याला जीभ.”

बाबांचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात मुक्कामाला होता. मनगटापर्यंत भाजल्याचे डाग असलेल्या हातांनी ते घरचा रेडिओ पुसत, आणि तो बिचारा खरखरत का होईना, गाऊ लागे.

तिने संगणकातून सीडीची चकती बाहेर काढली. रुमालाने मधून कडेकडे पुसली, फुंकर मारली, पुन्हा आत सरकवली. संगणक घरघरला. चौथ्यांदा पडद्यावर तीच ओळ उमटली : फाइल वाचता येत नाही.

“ताई, चार वाजता तपासनीस येताहेत,” कारखान्याचा व्यवस्थापक येरझारा घालत म्हणाला. “त्याआधी हे यंत्र कोरं करकरीत हवं. काल फोनवर सांगितलं होतं ना? नाहीतर तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.”

“होईल, साहेब. हात टेकणारी मी नव्हे.”

“दुसरी चकती?”

“दुकानात. जाऊन येईपर्यंत पाच वाजतील.”

“पेन ड्राइव्ह?”

“या म्हाताऱ्याला तो ओळखूच येत नाही.”

“मग नुसत्या फायली उडवा!”

“उडवलेलं परत आणणारे असतात. नखाएवढंही उरायला नको, असं तुम्हीच म्हणालात. पुसायचा प्रोग्राम या चकतीवर आहे; आधी ती वाचली गेली पाहिजे, मगच जुनं पुसलं जातं.”

व्यवस्थापकाने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

“एवढं काय आहे हो यात?” स्क्रू पिळता पिळता तिने विचारलं.

“रडगाणी! एक होता बॉयलरवर. झडप उघडायला विसरला. स्वतः गेला आणि कारखान्याला डाग लावून गेला.”

“विसरला?”

“विसरलाच. तुम्ही हात चालवा.”

तिने हात चालवले. चकती फिरवणारा खण खोलला, त्याचं भिंग कापसाने साफ केलं, तारा बदलल्या. पाचवा प्रयत्न. सहावा. दर वेळी तीच ओळ आणि दर वेळी व्यवस्थापकाचा एकेक सुस्कारा.

“राहू द्या आता,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “यंत्रच उचलून मागच्या खोलीत टाकू.”

“वा! काम अर्धवट टाकून उठायला मी काय पाहुणी आहे? शेवटचं एकदा.” तिने खुर्ची टेबलाला भिडवली आणि यंत्रावर हात ठेवून बसली. सातव्यांदा चकती आत गेली.

जिन्यावर पावलं वाजली. फायलींची पिशवी सांभाळत तपासनीस आत आले.

“या, या!” व्यवस्थापक गडबडला. “जरा दुरुस्ती चाललीय. चकतीच खराब निघाली हो.”

तिने चकती काढून घेतली, यंत्र पुन्हा सुरू केलं. जुना पडदा जसाच्या तसा उजळला. कोपऱ्यात ‘बॉयलर – तक्रारी’ नावाचं फोल्डर होतं. ती उठली आणि खुर्ची तपासनिसांकडे सरकवली.

“खराब निघाली नाही, साहेब. सकाळी मीच तिच्यावर खिळा फिरवला,” ती व्यवस्थापकाला म्हणाली. “झडप अडकते म्हणून सहा वेळा लिहून देणाऱ्याची मी लेक. यंत्र पुसायला आलेच नव्हते मी. तुम्हाला पुसायला आले होते.”