तिसरा तळहात

कुसगावच्या शाळेत आज स्पर्शाचा तास होता. डोळ्यांवर पट्टी बांधून, आलेल्या पाहुण्याचा तळहात चाचपायचा आणि त्याचे काम ओळखायचे. स्नेहलने शिंपी ओळखला, कुंभारही ओळखला. “पोरगी लय हुशार हाय, बाई. आता माज्या चाकावर पाठवा तिला,” कुंभार हसत म्हणाला. मग तिसरा हात आला. अंगठ्याच्या मुळाशी लांब दांड्याच्या हातोड्याने उठवलेला घट्टा, पेरांत मुरलेला वंगणाचा चिकटपणा. स्नेहलची बोटे थबकली. खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासताना दरडीखाली गाडल्या गेलेल्या बाबांचा हात असाच होता. पट्टी सुटली की त्यांच्या रेल्वे कामगारांच्या गँगमधला दुसराच कोणी समोर दिसणार, हे तिला ठाऊक होते. “सांग ना गं, काय काम करतात हे?” बाईंनी विचारले. तिने तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. “अजून न्हाई ओळखता येत, बाई,” ती म्हणाली.